कुटुंबाच्या बैठकीसाठी व्यवस्थापकांची तयारी: कार्यशाळा, प्रत्यक्ष बैठक की कोचिंग?

बालकल्याण विभागात फॅमिली टीम मीटिंग, म्हणजे मुलाबद्दलची योजना घरच्यांनी आणि अधिकाऱ्यांनी एकत्र बसून ठरवायची बैठक, सुरू करायची ठरली की प्रशिक्षणाचा बहुतेक पैसा बैठक चालवणाऱ्या फॅसिलिटेटरवर आणि कुटुंबाची केस सांभाळणाऱ्या केसवर्करवर खर्च होतो. व्यवस्थापकांच्या वाट्याला एक परिपत्रक येतं, फार तर अर्ध्या दिवसाचा परिचयवर्ग. माझ्या मते इथेच गाडी चुकते. बैठकीत जे ठरतं ते टिकणार की नाही, हे त्या खोलीत नसलेल्या माणसाच्या हातात असतं, आणि तो माणूस म्हणजे व्यवस्थापक. त्याच्या तयारीचे तीन मुख्य मार्ग आहेत: कार्यशाळा, प्रत्यक्ष बैठकांना बसणं आणि काही महिने चालणारं कोचिंग. यांतला कोणता निवडायचा हे ठरवणाऱ्यांसाठी हा आढावा.

आधी तयारी नेमकी कशाची करायची ते बघू. समजा, केसवर्कर येऊन सांगते, "उद्याच्या बैठकीत आजी मुलाला घरी नेते म्हणणार आहे." व्यवस्थापक फाइल न उघडताच म्हणतात, "तिचं घर लहान आहे, तिथे नको. बैठकीत तसं पटवून दे." बैठक तिथेच संपली. दुसऱ्या दिवशी आजी बोलेल, सगळे ऐकून घेतील आणि आदल्या दिवशीचाच निर्णय कागदावर उतरेल. घरच्यांना हे कळायला वेळ लागत नाही. पुढच्या बैठकीला मामा येत नाही, त्याच्या पुढच्या बैठकीला आजीही येत नाही.

तयारी झालेला व्यवस्थापक याच प्रसंगी विचारतो, "आजीच्या घराबद्दल आपल्याला नक्की काय माहीत आहे? काय केलं तर आपण हो म्हणू शकू? आणि मुलाच्या सुरक्षिततेसाठी कुठल्या गोष्टीवर अजिबात मागे हटणार नाही? ते आत्ता लिहून काढ, आणि बैठकीच्या सुरुवातीलाच घरच्यांना स्पष्ट सांग." हे दोन संवाद व्यवस्थापकाच्या खोलीत पाच मिनिटांत होऊन जातात, पण त्यांतल्या कुठल्या संवादाची सवय त्याला आहे, यावर पुढचं सगळं ठरतं.

इतर कामंही त्याच्याकडेच आहेत. बैठकीआधी एकेकाला भेटून तयार करायला केसवर्करला वेळ द्यायचा. घरच्यांना संध्याकाळी किंवा सुट्टीच्या दिवशीच जमत असेल तर त्या ड्युटीची सोय करायची. घरात मारहाणीचा इतिहास असेल तर आई आणि मारणारा माणूस एका टेबलाशी बसणार नाहीत, वेगळी बैठक होईल, हे बघायचं. आणि योजना ठरली की तिच्यासाठी लागणाऱ्या प्रवासखर्चाची किंवा समुपदेशनाची मंजुरी आठवडे अडकू द्यायची नाही.

निवड करण्यापूर्वी तुमचा विभाग कुठली पद्धत वापरतो ते पक्कं करा, कारण व्यवस्थापकाची भूमिका त्याप्रमाणे बदलते. न्यूझीलंडच्या १९८९च्या कायद्याने आलेल्या फॅमिली ग्रुप कॉन्फरन्समध्ये माहिती देऊन झाली की अधिकारी खोलीबाहेर जातात आणि कुटुंब एकांतात योजना ठरवतं. तिथल्या मूळ रहिवासी माओरी समाजाच्या मुलांना त्यांच्या गोतावळ्यापासून तोडणाऱ्या व्यवस्थेविरुद्धच्या असंतोषातून ही पद्धत आली. अमेरिकेत ॲनी ई. केसी फाउंडेशनने १९९२मध्ये सुरू केलेल्या फॅमिली टू फॅमिली उपक्रमातली टीम डिसिजन मेकिंग वेगळी आहे. तिथे एकमतासाठी मनापासून प्रयत्न होतो, पण एकमत झालं नाही तर निर्णयाची जबाबदारी विभागाकडेच राहते. पहिल्या पद्धतीत व्यवस्थापकाने बाहेर थांबायला शिकायचं असतं. दुसरीत आपला अधिकार उघडपणे आणि कारण सांगून वापरायला शिकायचं असतं. दोन्हींसाठी एकच छापील प्रशिक्षण चालवलं की गोंधळ होणारच.

आता कार्यशाळा. स्वस्त, झटपट, आणि एकाच वेळी सगळ्यांना समान भाषा देणारी. कायद्याची चौकट शिकवायला ती उत्तम. अमेरिकेतल्या १९९७च्या संघीय कायद्यानुसार मूल गेल्या २२ महिन्यांपैकी १५ महिने फॉस्टर केअरमध्ये, म्हणजे घराबाहेर सरकारी व्यवस्थेच्या सांभाळात, असेल, तर काही अपवाद वगळता आईवडिलांचे हक्क संपवण्यासाठी विभागाला न्यायालयात अर्ज करावा लागतो. हे घड्याळ चालू असताना बैठक दोन महिने लांबवणं म्हणजे काय, हे व्यवस्थापकाला पहिल्याच दिवशी समजायला हवं. त्यासाठी कार्यशाळा पुरते.

सवय बदलायला मात्र पुरत नाही. शिक्षकांच्या प्रशिक्षणावर काम करणारे ब्रूस जॉइस आणि बेव्हर्ली शॉवर्स यांनी १९८०च्या दशकातच दाखवलं होतं की नुसतं सांगून आणि करून दाखवून शिकलेलं वर्गात फारसं उतरत नाही, प्रत्यक्ष कामाच्या जागी कोणी सोबतीला असेल तर उतरतं. बालकल्याणातही हेच दिसतं. कार्यशाळेतून परतलेला व्यवस्थापक सोमवारी साचलेल्या फाइलींसमोर बसतो आणि जुन्याच पद्धतीने उत्तरं देऊ लागतो. कार्यशाळाच घ्यायची असेल तर तिच्यात एक गोष्ट हट्टाने घाला. व्यवस्थापकाला आईच्या खुर्चीत बसवा, समोर पाच-सहा सहकारी अधिकारी म्हणून बसवा आणि त्यांना नेहमीच्या संक्षेपांत, नेहमीच्या घाईत बोलू द्या. वीस मिनिटं पुरतात. "मला कोणी काही विचारेल असं वाटलंच नाही" हे वाक्य त्याच्याच तोंडून आलं, तर त्याचा परिणाम कुठल्याही स्लाइडपेक्षा खोल होतो.

घरबसल्या करायचे ऑनलाइन मोड्यूल नियमांच्या उजळणीला ठीक. त्यांच्याकडून अधिक अपेक्षा ठेवू नका.

प्रत्यक्ष बैठकीला बसण्याचं बळ वेगळंच आहे. घटस्फोटानंतर वर्षानुवर्षं न बोललेले आईवडील मुलीच्या शाळेच्या वेळेवरून एकमेकांकडे बघत बोलू लागतात, आजपर्यंत कोणाच्याच नोंदीत नसलेली मावशी "मी आहे ना" म्हणते, हे डोळ्यांनी पाहिलेल्या व्यवस्थापकाला बैठकीचं महत्त्व पटवून द्यावं लागत नाही. पण या मार्गाला अटी आहेत आणि त्या पाळल्या नाहीत तर कुटुंबाचं नुकसान होतं. घरच्यांची परवानगी आधी घ्यायची, आणि त्यांनी नाही म्हटलं तर कारण विचारायचं नाही. स्वतःच्या युनिटच्या बैठकीला बसायचं नाही, कारण साहेब कोपऱ्यात बसले की केसवर्कर कुटुंबाशी न बोलता साहेबांसाठी बोलू लागतो. वहीत टिपणं घ्यायची नाहीत. आणि फक्त बैठक बघून थांबायचं नाही, त्याआधीची एक तयारीची भेटही बघायची, कारण खरं काम तिथे होतं. बैठक सुटल्यावर लगेच फॅसिलिटेटरसोबत अर्धा तास बोलणं झालं नाही, तर पाहिलेलं विरून जातं.

कोचिंग सगळ्यात महाग आणि सगळ्यात संथ, तरी माझा कल त्याच्याकडेच आहे. पंधरवड्यातून एकदा, तासभर, चालू असलेली एक खरी केस घेऊन बसायचं. कोच उत्तर देत नाही, विचारतो: या बैठकीआधी तुम्ही केसवर्करला नेमकं काय म्हणालात? कुटुंबाने सुचवलेलं तुम्ही कुठे बदललंत, आणि त्यांना ते कोणी सांगितलं? योजना फसली तर दोष कोणावर जाईल अशी भीती तुमच्या केसवर्करला वाटते? हा शेवटचा प्रश्न सगळ्यात जड. मुलाला काही झालं तर आपल्यालाच धरतील, या भीतीने व्यवस्थापक सावध निर्णय घेतात. ही भीती खोटी नाही आणि व्याख्यानाने जातही नाही, ती कोणाजवळ तरी मोकळेपणाने बोलावी लागते. म्हणून कोच हा व्यवस्थापकाचं मूल्यमापन करणारा वरिष्ठ नसावा, ही अट सोडू नका. पैसा कमी असेल तर चार-पाच व्यवस्थापकांचा गट करून आळीपाळीने एकमेकांच्या केस मांडता येतात. निम्मा फायदा तरी मिळतो.

मग निवड कशी करायची? बैठका नव्यानेच सुरू होत असतील तर एक दिवसाची कार्यशाळा, पुढच्या महिन्यात दोन-तीन बैठकांना हजेरी आणि त्यानंतर सहा महिने कोचिंग, हा क्रम धरा. बैठका वर्षानुवर्षं होत आहेत पण पोकळ झाल्या आहेत असं वाटत असेल, तर कार्यशाळा वगळा. नियम सगळ्यांना पाठ आहेत. थेट कोचिंगला लागा. व्यवस्थापक वरचेवर बदलत असतील तर बाहेरच्या कोचवर खर्च करण्याऐवजी तुमच्याच अनुभवी फॅसिलिटेटरना कोच म्हणून घडवा, म्हणजे माणूस गेला तरी कसब विभागात राहतं. कार्यालयं लांबलांब विखुरलेली असतील तर कोचिंग व्हिडिओ कॉलवर चालतं, पण बैठकीला बसणं शक्यतो प्रत्यक्षच असू द्या.

बैठकांचा फायदा होतो का, यावर संशोधनाचं एकच उत्तर नाही. इंग्लंडमध्ये २०२३मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत, न्यायालयीन कारवाईच्या उंबरठ्यावर ज्या कुटुंबांना फॅमिली ग्रुप कॉन्फरन्सकडे पाठवलं गेलं, त्यांची सुमारे ३६ टक्के मुलं वर्षभरानंतर सरकारी देखरेखीत होती, तर इतर कुटुंबांतली सुमारे ४५ टक्के. स्वीडनमधल्या २००४च्या अभ्यासात मात्र असा फायदा दिसला नव्हता. बैठक हे औषध नाही की कोणीही दिलं तरी तेवढंच लागू पडेल. ती राबवणारी व्यवस्था तिच्या मागे किती उभी आहे, याने फरक पडतो, असं मला ठामपणे वाटतं.

तयारीचा उपयोग झाला का हे मोजताना किती बैठका झाल्या याचा आकडा बाजूला ठेवा. बैठकीनंतर कुटुंबाला न विचारता योजना किती वेळा बदलली, आईवडिलांखेरीज किती नातेवाईक आले, मान्य झालेल्या मदतीची मंजुरी किती दिवसांत निघाली, हे बघा. तिन्ही गोष्टी व्यवस्थापकाच्या टेबलावरून जातात. आणि कोचिंगची पहिली तुकडी निवडताना फक्त उत्साही मंडळी घेऊ नका. "मुलाची जबाबदारी माझी, घरच्यांच्या हातात कशी देऊ?" असं विचारणारा व्यवस्थापक त्या तुकडीत हवाच, कारण हाच प्रश्न बाकीच्यांच्याही मनात असतो.