६० हर्ट्झ की १२० हर्ट्झ? गेम आणि सिनेमासाठी फोनची स्क्रीन
नवा फोन बघताना मी कॅमेऱ्याआधी रिफ्रेश रेट बघतो. ६० हर्ट्झची स्क्रीन सेकंदाला ६० वेळा चित्र बदलते, म्हणजे एक चित्र साधारण १६.७ मिलिसेकंद टिकतं. १२० हर्ट्झवर ८.३. शूटिंगच्या गेममध्ये हा फरक बोटांना लगेच जाणवतो. झटकन मागे वळलं तरी पळणारा शत्रू तितका पुसट होत नाही. अर्थात गेमनेही सेकंदाला तेवढ्या फ्रेम, म्हणजे चित्रं, द्यायला हव्यात. फोन तापला की प्रोसेसर वेग कमी करतो आणि मग १२० चा आकडा कागदावरच राहतो.

सिनेमाला कशाला हवेत १२०, असं बरेच जण म्हणतात. मला ते अजिबात पटत नाही. सिनेमा बहुधा सेकंदाला २४ फ्रेमचा. ६० ला २४ ने पूर्ण भाग जात नाही, म्हणून एक फ्रेम दोनदा तर पुढची तीनदा दाखवावी लागते. कॅमेरा संथपणे आडवा सरकत असेल, तेव्हा हे बारीक अडखळणं डोळ्यांना खुपतं. १२० वर प्रत्येक फ्रेम बरोबर पाचदा!

बॅटरीत मात्र ६० सरस. फक्त कॉल आणि मेसेज करणाऱ्यांनी खुशाल ६० घ्यावा, वाचलेले पैसे जास्त स्टोरेजला लावावेत. गेम आणि सिनेमा जीव की प्राण असतील, तर १२० च.