जळगावातील यूएसबी ड्रायव्हर दुरुस्ती सेवा : काटापावतीवरील आदल्या गाडीचे वजन

चोपडा तालुक्यातील आमच्या जिनिंगच्या भुईकाट्यावर गेल्या हंगामात दोन तक्रारी सुरू झाल्या. कधी वजनाचा प्रोग्रॅम गोठून जाई आणि काटेवाला ‘भाऊ, काटा बंद पडना’ असे सांगत कार्यालयात येई. तर कधी एका ट्रॅक्टरच्या पावतीवर आदल्या ट्रॅक्टरचे वजन छापले जाई. दुसरी तक्रार अर्थातच अधिक गंभीर होती, कारण कापसाचे पैसे त्या पावतीवरच चुकते होतात. केबल आणि हब बदलूनही फरक पडला नाही, तेव्हा जळगावात अशा उपकरणांच्या सॉफ्टवेअरचे काम करणाऱ्या एका लहान सेवेकडे आम्ही गेलो.

काट्याचा इंडिकेटर, म्हणजे वजन दाखवणारी पेटी, लिनक्स संगणकाला यूएसबीने जोडलेला असून त्याचा ड्रायव्हर, म्हणजे संगणक आणि इंडिकेटर यांच्यात संवाद घडवणारा छोटा प्रोग्रॅम, काटा बसवणाऱ्यांनीच लिहिलेला होता. सुदैवाने त्याचा सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रॅमचा मूळ मजकूर, आमच्याकडे होता. अभियंत्याने आधी कर्नलचा, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचा, लॉग (नोंदवही) उघडला आणि त्यात वारंवार आलेला उणे ११० हा आकडा, म्हणजे उत्तराची वाट पाहण्याची मुदत संपल्याची खूण, दाखवला. आमच्या काट्यासारख्या, यूएसबीच्या बल्क प्रकारच्या व्यवहारात (ज्यात वेळेची हमी नसते) उपकरण ‘अजून तयार नाही’ असे कितीही वेळ सांगत राहू शकते, त्यामुळे कुठवर थांबायचे हे ड्रायव्हरनेच ठरवावे लागते. आमच्या ड्रायव्हरमध्ये एका ठिकाणी ही मुदत शून्य लिहिलेली होती आणि कर्नलच्या लेखी शून्य म्हणजे अमर्याद प्रतीक्षा. अशा प्रतीक्षेत अडकलेला प्रोग्रॅम सक्तीनेही बंद होत नाही, म्हणून काटेवाल्याला दर वेळी केबल उपटावी लागत होती.

चुकीच्या वजनाचे मूळ मात्र वेगळे होते आणि ते ज्या चिकाटीने शोधले गेले त्याचे मला विशेष कौतुक वाटते. मुदत मिलिसेकंदांत द्यायची असताना ड्रायव्हरच्या वजन वाचणाऱ्या भागात कर्नलचे अंतर्गत घड्याळ सेकंदाला किती वेळा टिकटिकते तो आकडा पाचाने गुणून दिलेला होता. ज्या संगणकावर ती टिकटिक सेकंदाला १००० वेळा होते तेथे मुदत बरोबर ५ सेकंद भरते. आमच्या संगणकावर ती २५० वेळा होत असल्याने मुदत सव्वा सेकंदच उरली. भरलेली ट्रॉली स्थिर व्हायला त्याहून अधिक वेळ लागतो. ड्रायव्हर प्रोग्रॅम वाट पाहणे सोडून देई, इंडिकेटर मात्र उत्तर तयार करून ठेवी आणि पुढच्या ट्रॅक्टरच्या वेळी तेच शिळे उत्तर आधी वाचले जाई.

आता सर्व मुदती मिलिसेकंदांत असून वजनासाठी ८००० मिलिसेकंद दिलेले आहेत. मुदत संपल्यास इंडिकेटरला मागणी रद्द करण्याची आज्ञा जाते, उरलेले उत्तर वाचून टाकून दिले जाते आणि पावती छापण्याऐवजी पडद्यावर ‘वजन स्थिर नाही’ असा संदेश येतो. केवळ मुदत वाढवून पैसे घेणे सोपे होते. तसे केले असते तर चूक कमी वेळा दिसली असती, एवढेच. चाचणीसाठी त्यांनी ट्रॅक्टर काट्यावर मुद्दाम पुढे-मागे हलवत ठेवायला लावला आणि अर्धा दिवस आमच्या आवारात उभे राहून पावत्या तपासल्या.

उणिवाही नोंदवतो. चार दिवसांचे काम नऊ दिवस चालले आणि त्या काळात फोन उचलला जात नव्हता. कोणत्या ओळी बदलल्या याची लेखी नोंद दोनदा मागितल्यावर मिळाली. कर्नल अद्ययावत झाल्यास ड्रायव्हर सोर्स कोडवरून पुन्हा तयार करावा लागेल, ही गोष्ट तर बिल चुकते केल्यावर कळली, आणि त्याचे शुल्क वेगळे आहे. तरीही दिवाळीनंतरची आवक सुरू झाल्यापासून एकदाही केबल उपटावी लागलेली नाही. त्यांच्याकडे जाणाऱ्याने संगणकाबरोबर सोर्स कोड आणि शक्य असल्यास इंडिकेटरही न्यावा; आम्ही इंडिकेटर पहिल्या खेपेला नेला नव्हता, म्हणून जळगावची एक फेरी वाया गेली.