नेमकेपणाची सेवा : फॅमिलीसर्चवरील स्वयंसेवेचे परीक्षण

फॅमिलीसर्च या पूर्वजांच्या नोंदी शोधण्याच्या संकेतस्थळाची परीक्षणे बहुधा स्वतःचे पूर्वज शोधणारे लोक लिहितात. कोणत्या देशाच्या किती नोंदी उपलब्ध आहेत, शोध कितपत अचूक लागतो, पैसे मोजावे लागतात की नाही, हे त्यांचे प्रश्न असतात आणि ते योग्यच आहेत. हे परीक्षण मात्र पलीकडच्या बाजूने, नोंदी वाचून देणाऱ्या स्वयंसेवकाच्या खुर्चीतून लिहिले आहे. माझ्या स्वतःच्या घराण्याचा शोध दोन-तीन पिढ्यांतच थांबला. त्यानंतर येथे गेलेला माझा बहुतेक वेळ ज्यांच्याशी माझे काहीही नाते नाही अशा माणसांची नावे जुन्या कागदांवरून उतरवण्यात गेला आहे. हे काम मी माझ्या धर्माचरणाचा भाग म्हणून करते, त्यामुळे ही सेवा त्या आचरणाला कितपत साथ देते, हाच या परीक्षणाचा मुख्य प्रश्न आहे.

ही सेवा चालवणारी संस्था म्हणजे चर्च ऑफ जीझस ख्राईस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स. लोक तिच्या सभासदांना मॉर्मन म्हणतात. 2018 साली तत्कालीन अध्यक्ष रसेल एम. नेल्सन यांनी हे टोपणनाव टाळून पूर्ण नाव वापरण्याचा आग्रह धरला, तरी बोलण्यात जुना शब्द टिकून आहे. फॅमिलीसर्चचे मूळ 1894 साली स्थापन झालेल्या जिनिऑलॉजिकल सोसायटी ऑफ युटामध्ये आहे. या सोसायटीने 1938 पासून नोंदींचे मायक्रोफिल्म चित्रीकरण सुरू केले आणि पुढे ती रिळे सॉल्ट लेक सिटीजवळच्या ग्रॅनाइटच्या डोंगरात खोदलेल्या भांडारात ठेवली. सुमारे 24 लाख रिळांचे डिजिटल प्रतींत रूपांतर करण्याचे काम वीस वर्षांहून अधिक काळ चालून 2021 साली पूर्ण झाले. आज खाते उघडणाऱ्या कोणालाही, तो कोणत्याही धर्माचा असो किंवा कोणताच धर्म मानत नसो, ही सेवा विनामूल्य वापरता येते. एवढ्या मोठ्या संग्रहासाठी एक पैसाही घेतला जात नाही ही गोष्ट नव्या माणसाला संशयास्पद वाटते, आणि त्या संशयाला सरळ उत्तर देणे आवश्यक आहे.

उत्तर असे की या संग्रहामागे एक धर्मविधी आहे. जे लोक हयातीत बाप्तिस्मा न घेता गेले, त्यांच्यासाठी त्यांच्या वंशजांनी मंदिरात त्यांच्या वतीने बाप्तिस्मा घ्यावा, असे हा पंथ मानतो. बारा बैलांच्या शिल्पांवर तोललेल्या कुंडात हा विधी होतो आणि त्या वेळी मृत व्यक्तीचे नाव उच्चारले जाते. या विधीने मृत व्यक्ती सभासद होत नाही. तो स्वीकारायचा की नाकारायचा हे परलोकात तिच्याच हाती राहते, अशी शिकवण आहे. विधीसाठी माणसाची ओळख नक्की हवी, आणि ओळख नक्की करायची तर जन्म, विवाह, मृत्यू, जनगणना, स्थलांतर यांच्या नोंदी हव्यात. डोंगरातील भांडाराचे कारण इतके साधे आहे.

या पंथात अभ्यास घरी करायचा असतो. 2019 पासून रविवारच्या सभांचा वेळ तीन तासांवरून दोन तासांवर आणला गेला आणि उरलेल्या तासाची जबाबदारी कुटुंबावर सोपवण्यात आली. चार वर्षांच्या चक्रात धर्मग्रंथ वाचून होतात, आणि 2025 च्या क्रमात पंथाचे संस्थापक जोसेफ स्मिथ यांना झालेल्या प्रकटीकरणांचा ग्रंथ होता. त्यातील 128 वे प्रकरण हे मुळात एक पत्र आहे. सप्टेंबर 1842 मध्ये, अटक टाळण्यासाठी लपून राहावे लागत असताना, स्मिथ यांनी ते अमेरिकेतील नॉव्हू या गावच्या अनुयायांना लिहिले. मृतांच्या बाप्तिस्म्याबद्दलचे हे पत्र पहिल्यांदा वाचताना मला निराशाच वाटली होती, कारण परलोकाच्या भव्य वर्णनाऐवजी त्यात कारकुनी सूचना येतात: प्रत्येक वॉर्डात, म्हणजे स्थानिक मंडळीत, नोंद करणारा माणूस असावा, त्याने विधी स्वतःच्या डोळ्यांनी पाहावा, नावे आणि तारखा अत्यंत काटेकोरपणे लिहाव्यात, साक्षीदारांची नावे जोडावीत. शेवटी मृतांच्या नोंदींची एक अशी वही मंदिरात सादर करण्याचे आवाहन येते जी स्वीकारण्यास पूर्णपणे पात्र असेल. गॉस्पेल लायब्ररी या अ‍ॅपमध्ये मी त्या वाक्याखाली रंगीत रेघ ओढून ठेवली होती, पण रेघ ओढल्याने काही समजले असे म्हणता येणार नाही. समजले ते पहिल्या काही आठवड्यांच्या इंडेक्सिंगनंतर.

इंडेक्सिंग म्हणजे जुन्या कागदाचे चित्र पडद्यावर पाहून त्यातील नाव, तारीख, ठिकाण, नाते यांसारखे तपशील ठरलेल्या चौकटींत टंकलिखित करणे. मी हे काम बॅचच्या स्वरूपात शिकले: एका बॅचमध्ये थोडीच चित्रे, प्रत्येक प्रकल्पाला अवघडपणाची पातळी आणि सोबत त्या प्रकल्पाच्या सूचना. नवशिके लोक सूचना वाचत नाहीत आणि मीही वाचल्या नव्हत्या. मूळ नियम एकच आहे, जे दिसते तेच लिहायचे. हा नियम ऐकायला सोपा आहे, पण वाचणाऱ्याचे मन सतत सुधारणा करू पाहते. इंग्रजी नोंदींत विल्यम हे नाव बहुधा डब्ल्यू आणि एम एवढ्या दोनच अक्षरांत उरकलेले असते. जे, एन आणि ओ ही अक्षरे दिसली की अनेकांच्या डोळ्यांसमोर जोनाथन येतो, प्रत्यक्षात ते जॉनचे संक्षिप्त रूप असते. जुन्या लिपीतील लांब एस हा एफसारखा दिसतो, मोठे एस आणि मोठे एल एकमेकांचे वेश घेतात, आणि एखादा लिपिक आपल्या टी ला अशी शेपटी देतो की संपूर्ण पानावरील दुसरे टी शोधून त्यांच्याशी ताडून पाहिल्याशिवाय पुढे जाता येत नाही. एक अक्षर लागले नाही तर प्रश्नचिन्ह आणि अनेक लागली नाहीत तर तारका, अशी सोय आहे. रिकाम्या जागेसाठी वेगळी खूण आणि न वाचता येणाऱ्या जागेसाठी वेगळी. या दोन खुणांतील फरक मला सुरुवातीला किरकोळ वाटे. वडिलांचे नाव लिहिलेलेच नाही आणि वडिलांचे नाव शाईखाली बुडाले आहे, या दोन अगदी निराळ्या गोष्टी आहेत, आणि शंभर वर्षांनी शोधणाऱ्या नातवाला त्यातील कोणती खरी हे कळणे महत्त्वाचे आहे.

येथे मला ते पत्र उलगडले. ज्याला आपण कोरडी कारकुनी समजतो, तीच या सेवेत प्रेमाची उपलब्ध असलेली एकमेव भाषा आहे. मृत व्यक्तीला जेवण नेऊन देता येत नाही, तिची चौकशी करता येत नाही. तिचे नाव चुकवायचे नाही, एवढेच तिच्यासाठी करता येते. माझी चूक पकडली गेली ती एका विवाह नोंदवहीत, जिथे मी एका वधूचे आडनाव सवयीच्या रूपात लिहिले होते. मूळ अक्षरे विचित्र होती म्हणून ती लिपिकाची चूक असे मी गृहीत धरले होते, आणि परीक्षकाने ती मूळ स्वरूपात परत आणली. त्या दुरुस्तीचा मला दोन दिवस राग होता, हेही प्रामाणिकपणे लिहिते.

या कामाने काय साधू शकते याचे मला माहीत असलेले सर्वांत बोलके उदाहरण फ्रीडमन्स बँकेचे आहे. अमेरिकेत गुलामगिरीतून मुक्त झालेल्या लोकांसाठी 1865 साली ही बँक स्थापन झाली आणि 1874 मध्ये बुडाली. ठेवीदारांची पुंजी गेली, पण खाते उघडताना लिहून घेतलेली माहिती मागे राहिली. आईवडील, भावंडे, मुले, कधीकधी पूर्वीचा मालक, असे तपशील त्या अर्जांत आहेत, आणि ज्यांची कुटुंबे विक्रीत तुटली होती त्यांच्या वंशजांना असे कागद इतरत्र क्वचितच मिळतात. मारी टेलर आणि डॅरियस ग्रे यांच्या पुढाकाराने या नोंदी उतरवण्याचे काम युटा राज्याच्या तुरुंगातील सुमारे 550 कैद्यांनी स्वेच्छेने केले. त्याला 11 वर्षे लागली, आणि 2001 साली सुमारे 4 लाख 80 हजार नावांची सूची सीडीवर प्रसिद्ध झाली. पुढे 2015 ते 2016 या काळात फ्रीडमन्स ब्यूरो या मुक्त झालेल्यांच्या मदतीसाठीच्या सरकारी खात्याच्या नोंदींतील जवळजवळ 18 लाख नावे स्वयंसेवकांनी अशाच प्रकारे सूचीबद्ध केली. ज्या पंथाने 1978 पर्यंत कृष्णवर्णीय पुरुषांना याजकत्व, म्हणजे विधी करण्याचा अधिकार, नाकारले, त्याच पंथाच्या यंत्रणेतून हे काम झाले, ही गोष्ट सभासदांनी अवघडून टाळू नये असे मला वाटते. डॅरियस ग्रे स्वतः कृष्णवर्णीय सभासद आहेत.

अलीकडे कामाचे स्वरूप बदलले आहे. आता हस्ताक्षराचे पहिले वाचन बहुतेकदा संगणक करतो आणि स्वयंसेवकाकडे तपासणी येते: हे नाव बरोबर वाचले आहे का, नसेल तर दुरुस्त करा. फोनवरही करता येईल इतके ते सुटसुटीत आहे, आणि ज्याला दिवसातून पाचच मिनिटे मिळतात त्याला ते सोयीचे आहे. मला मात्र जुनी पद्धत अधिक प्रिय होती. पूर्ण पान समोर असले की लिपिकाचा हात ओळखीचा होतो, एकाच आठवड्यात एकाच घरातील तीन मुलांची दफननोंद दिसते, आणि वाचणारा थांबतो. एकेक नाव सुटे करून पुढ्यात आले की ते कापून आणलेल्या चिठ्ठीसारखे वाटते. वेग वाढला हे निर्विवाद, आणि शोधणाऱ्यांच्या दृष्टीने वेगच महत्त्वाचा, हेही मला मान्य आहे; पण स्वयंसेवा ही करणाऱ्यालाही घडवते, आणि त्या बाजूने पाहिले तर नव्या पद्धतीत काहीतरी पातळ झाले आहे.

कुटुंबवृक्षाबद्दल माझे मत मिश्र आहे. फॅमिलीसर्चवर साऱ्या जगाचा मिळून एकच वृक्ष आहे, आणि मृत व्यक्तीची माहिती कोणताही खातेधारक बदलू शकतो. तत्त्व म्हणून ते उदार आहे, कारण माझा पणजोबा दुसऱ्या कोणाचा तरी चुलता असतो आणि त्याच्यावर माझी मालकी नसते. व्यवहारात मात्र सारख्या नावाच्या दोन माणसांना घाईने एक करून टाकणारे लोक असतात, आणि पुराव्याविना केलेला बदल ज्याला दिसतो त्यालाच तो उलटवत बसावे लागते. बदलांचा इतिहास जपला जातो आणि पुरावे जोडण्याची सोय आहे, म्हणून हानी कायमची होत नाही. हयात व्यक्तींची माहिती सर्वांना दिसत नाही, खासगी राहते, ही व्यवस्था मला समाधानकारक वाटते.

अधिक गंभीर प्रश्न विधींसाठी नावे देण्याचा आहे. सभासदांनी फक्त आपल्या नातलगांची नावे द्यावीत, आणि गेल्या 110 वर्षांत जन्मलेल्या मृत व्यक्तीसाठी जवळच्या हयात नातलगाची परवानगी असावी, असा नियम आहे. ज्यू वंशहत्येत मारल्या गेलेल्यांची नावे देण्यावरून तीव्र आक्षेप आले, 1995 साली ज्यू संघटनांशी समझोता झाला, आणि तरीही 2012 मध्ये अ‍ॅन फ्रँकच्या नावाने विधी झाल्याचे उघड झाले तेव्हा चर्चला पुन्हा जाहीर ताकीद द्यावी लागली. नियम मोडणाऱ्याला नाव ही संख्या वाटली असणार. इंडेक्सिंग करताना ज्याने एका नावावर दहा मिनिटे घालवली आहेत, त्याला दुसऱ्याच्या आजीचे नाव न विचारता उचलण्याचा मोह होणे कठीण आहे. माझ्या दृष्टीने हा या स्वयंसेवेचा सर्वांत मोठा, कोठेही न छापलेला लाभ आहे.

रोजच्या आयुष्यात हे काम कोठे बसते, हे मात्र ज्याने त्याने ठरवावे. या पंथात स्थानिक पातळीवर पगारी धर्मगुरू नसतात, वॉर्डाचा प्रमुख असलेला बिशपसुद्धा नोकरी सांभाळून विनावेतन सेवा देतो, आणि प्रत्येकाकडे काही ना काही जबाबदारी असते; त्यात आणखी एक काम ओढवून घेणे सर्वांना परवडणारे नाही. मी उपवासाच्या रविवारी, महिन्यातील पहिल्या रविवारी, दुपारच्या रिकाम्या वेळात बसते. उपवासात चिडचिड होते आणि जुने हस्ताक्षर चिडणाऱ्याला दाद देत नाही, त्यामुळे दोन्ही साधने एकमेकांना पूरक ठरतात, असे मी अर्ध्या गमतीने म्हणते. त्यात एक धोकाही आहे. मृत माणसे तक्रार करत नाहीत, वेळ बदलत नाहीत, दार उघडायला उशीर करत नाहीत. त्यांची सेवा करता करता शेजारच्या आजारी माणसाकडे जाणे टाळता येते. याच चर्चने चालवलेल्या जस्टसर्व या दुसऱ्या सेवेवर स्थानिक संस्थांच्या गरजा मांडलेल्या असतात, तेथे धर्मप्रचाराला मज्जाव आहे, आणि ती वापरण्यासाठी घराबाहेर पडावे लागते. ज्या महिन्यात मी फक्त पडद्यासमोर सेवा केली, तो महिना मी स्वतःच्या हिशेबात अपुरा धरते.

नव्याने सुरुवात करणाऱ्यासाठी थोडे व्यावहारिक. काही चित्रे नोंदींच्या मूळ मालकांशी झालेल्या करारांमुळे घरून दिसत नाहीत, ती फॅमिलीसर्चच्या केंद्रात किंवा संलग्न ग्रंथालयात जाऊनच पाहावी लागतात. याचा राग सेवेवर काढण्यात अर्थ नाही. दीर्घ कामासाठी फोनपेक्षा मोठा पडदा घ्यावा. आपल्याला येणाऱ्या भाषेतील आणि ओळखीच्या लिपीतील प्रकल्प निवडावा, कारण न येणाऱ्या भाषेत हात घातला की सदिच्छेने केलेल्या चुकाच वाढतात. आणि एखादे पान लागलेच नाही, तर अंदाजाने भरू नये. ते सोडून द्यावे, ते अधिक जाणत्या दुसऱ्या कोणाच्या तरी पुढ्यात जाते.