ताण मोजणारे मनगटी घड्याळ: रात्रीच्या नोंदी विश्वासार्ह, दिवसाचा आकडा संशयास्पद

सुट्ट्यांचा हंगाम जवळ आला की मनगटी घड्याळांच्या जाहिरातींत एक आश्वासन हमखास दिसू लागते: पाहुणे, खरेदी, प्रवास आणि रेंगाळलेली कार्यालयीन कामे यांच्या धबडग्यात तुमचा ताण नेमका केव्हा वाढतो हे घड्याळ वेळीच सांगेल आणि तो उतरवायलाही मदत करेल. मधल्या किमतीचे असे एक घड्याळ मी हंगाम सुरू होण्याच्या काही आठवडे आधीपासून तो संपेपर्यंत दिवसरात्र वापरले. कंपनीचे नाव मुद्दाम देत नाही, कारण या वर्गातील बहुतेक घड्याळांचे तंत्र जवळपास सारखेच असल्यामुळे पुढील गुणदोष थोड्याफार फरकाने सगळ्यांना लागू पडतात. माझे मत आधीच सांगून टाकते. रात्रीच्या नोंदींसाठी हे घड्याळ घेण्याजोगे आहे. दिवसा पडद्यावर झळकणाऱ्या ताणाच्या आकड्यासाठी मात्र त्यावर पैसे खर्च करू नयेत.

घड्याळ ताण मोजते असे आपण म्हणतो, पण प्रत्यक्षात ते नाडी मोजत असते. त्याच्या मागच्या बाजूचे हिरवे दिवे त्वचेत प्रकाश सोडतात, रक्त तो प्रकाश शोषून घेते, आणि प्रत्येक ठोक्यासरशी त्वचेखालील रक्ताचे प्रमाण बदलत असल्याने परत येणारा प्रकाशही कमीजास्त होतो. या चढउतारांवरून दोन ठोक्यांमधील अंतर काढले जाते. मिनिटाला ६० ठोके पडणाऱ्या निरोगी माणसाचे हृदय स्वस्थ बसलेले असतानाही बरोबर एकेका सेकंदाने धडधडत नाही. श्वास घेताना ठोके किंचित जवळ येतात, सोडताना लांबतात, आणि या बारीकशा अनियमितपणामागे मुख्यतः हृदयाची गती आवरून धरणारी व्हेगस ही चेता असते. घाई, भीती किंवा राग यांनी शरीर सज्ज झाले की तिचा प्रभाव ओसरतो आणि ठोके वेगवान व एकसुरी होतात. या एकसुरीपणावरून घड्याळ शून्य ते १०० यांमधील एक आकडा तयार करते. त्यामागचे संपूर्ण सूत्र कंपन्या सहसा उघड करत नाहीत, त्यामुळे एका कंपनीच्या घड्याळावरील ४० आणि दुसऱ्या कंपनीच्या घड्याळावरील ४० यांची तुलना करण्यात काहीच अर्थ नाही.

निरनिराळ्या आघातांना शरीर एका ठरावीक साच्याने प्रतिसाद देते, ही कल्पना ताणाचे अभ्यासक शास्त्रज्ञ हान्स सेल्ये यांनी १९३६ साली ‘नेचर’ या नियतकालिकातील एका छोट्याशा टिपणात, उंदरांवरील प्रयोगांच्या आधारे मांडली होती. ताण मोजणारे घड्याळ एका अर्थी याच कल्पनेवर उभे आहे, आणि त्याची मर्यादाही तिच्यातच आहे. शरीर सज्ज झाले एवढेच त्याला कळते. ते आनंदाने झाले की संतापाने, हे कळत नाही. संपूर्ण हंगामात माझ्या घड्याळाने दाखवलेल्या सर्वांत चढ्या आकड्यांपैकी एक आकडा मुलांबरोबर पत्ते खेळताना, हसून हसून पुरेवाट झालेली असतानाचा होता. उलट सगळे झोपल्यावर एकटीने खर्चाचा हिशेब मांडत बसले असताना, आणि त्याआधी एका नातेवाइकांचे टोचणारे बोलणे निमूटपणे ऐकून घेतले तेव्हाही, पडद्यावर ‘शांत’ हा शब्द दिसत होता. ज्यांना वर्षानुवर्षे मनातल्या मनात गिळण्याची सवय झाली आहे, त्यांच्या बाबतीत हे यंत्र बरेचदा असेच फसत असावे.

याहून गंभीर उणीव मला तक्ते नीट पाहू लागल्यावर दिसली. हात हलत असला की प्रकाशाच्या मोजणीत अडथळा येतो, म्हणून चालताना, उचलठेव करताना किंवा हातांनी काम करताना घड्याळ ताणाचा आकडा काढण्याचे टाळते आणि तेवढी जागा कोरी सोडते. तांत्रिकदृष्ट्या हे प्रामाणिकपणाचेच म्हणावे लागेल, कारण चुकीचा आकडा देण्यापेक्षा न देणे बरे. पण याचा परिणाम असा होतो की घरात सर्वांत जास्त राबणाऱ्या व्यक्तीचा तक्ता सर्वांत कोरा राहतो. पाहुणे येण्याआधीची सकाळ, ते असतानाची दुपार आणि ते गेल्यावरची आवराआवर, म्हणजे ज्या वेळेविषयी काही जाणून घ्यावेसे वाटते ती जवळजवळ सगळी वेळ, माझ्या तक्त्यात करड्या रंगाची होती. आणि गप्पा मारत आरामात बसलेल्या ज्या एकांनी हौसेने तेच घड्याळ घेतले होते, त्यांच्या दिवसाचे मात्र मिनिटामिनिटाचे आलेख तयार होते. दिवसाच्या शेवटी अॅप सरासरी काढते ती उरलेल्या, म्हणजे बसून काढलेल्या वेळेची. अशी सरासरी पाहून कोणी ‘तुझा दिवस तर निवांत गेला’ असे म्हटले, तर त्याला पुरावाही हाताशी मिळतो.

वास्तविक या दिवसांचा ताण मोजण्याचा प्रयत्न घड्याळांच्या कितीतरी आधी कागदावर झाला होता. थॉमस होम्स आणि रिचर्ड राही या दोन अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांनी १९६७ साली आयुष्यातील ४३ घटनांची एक मोजपट्टी प्रसिद्ध केली आणि प्रत्येक घटनेशी जुळवून घ्यायला किती बळ लागते त्यानुसार तिला गुण दिले. जोडीदाराच्या मृत्यूला १०० गुण असलेल्या या यादीत नाताळला अवघे १२ आणि सुट्टीला १३ गुण आहेत. त्यांच्या खाली फक्त कायद्याचे किरकोळ उल्लंघन उरते. वरवर पाहता सण म्हणजे क्षुल्लक गोष्ट ठरते. परंतु त्याच यादीत झोपेच्या सवयी बदलण्याला १६, खाण्याच्या सवयी बदलण्याला १५ आणि कौटुंबिक भेटीगाठींचे प्रमाण बदलण्याला १५ गुण आहेत, आणि सण या तिन्ही गोष्टी बरोबर घेऊनच येतो. त्यातच त्या वर्षी घरात कोणाचा मृत्यू, नोकरीतील बदल किंवा कर्ज यांची भर पडली असेल, तर बेरीज झपाट्याने वाढते. या मोजपट्टीवर पुढे पुष्कळ टीका झाली, कारण एकच घटना दोन माणसांना सारखी जड जात नाही. तरीही ती बेरीज करायला शिकवते. माझ्या घड्याळाला या क्षणापलीकडचे काही दिसत नव्हते, आणि माणसाच्या आयुष्यात त्या वर्षी काय घडले हे विचारण्याची सोयही त्याच्या अॅपमध्ये नव्हती.

आता या उपकरणाच्या खऱ्या गुणाकडे वळते. झोपेत हात स्थिर असतो, बोलणे, हसणे, चालणे थांबलेले असते, त्यामुळे रात्रीची मोजणी बरीच स्वच्छ मिळते, आणि तिची तुलना दुसऱ्या कोणाशी न करता आपल्याच आधीच्या रात्रींशी करायची असल्याने सूत्र गुप्त असण्याचीही फारशी अडचण होत नाही. रात्री नाडी किती खाली उतरली, ती उतरायला किती वेळ लागला आणि ठोक्यांमधील अंतराची लवचिकता (म्हणजे वर सांगितलेला बारीकसा अनियमितपणा) नेहमीच्या पातळीवर आली की नाही, या तीन नोंदी मला दिवसभराच्या सगळ्या रंगीत चक्रांपेक्षा जास्त उपयोगी वाटल्या. मद्यपान झालेल्या रात्री नाडी चढी राहते आणि लवचिकता घटते हे सर्वज्ञात आहे. पोटभर जेवून लगेच झोपल्यावर आणि नेहमीपेक्षा फार उशिरा अंथरुणावर पडल्यावरही तसाच परिणाम दिसला. मात्र ज्या मोठ्या मेळाव्याची मी आधीपासून धास्ती घेतली होती, त्यानंतरची रात्र तक्त्यात अगदी सामान्य होती. वाईट रात्री निघाल्या त्या प्रवासाच्या आदल्या दिवसाच्या, म्हणजे बांधाबांध मध्यरात्रीपर्यंत लांबलेल्या, आणि त्यानंतर पाठोपाठ आलेल्या अपुऱ्या झोपेच्या. या नोंदी समोर ठेवून मी पुढच्या कार्यक्रमांची आखणी बदलली: दोन मोठ्या भेटींच्या मध्ये एक मोकळा दिवस ठेवला, सामान एक दिवस आधी भरले आणि रात्रीच्या जेवणाची वेळ अलीकडे आणण्याविषयी घरात स्पष्ट बोलले. ‘मला थकवा येतो’ या वाक्याला जी दाद मिळाली नसती, ती आलेखाला मिळाली, हे थोडे खेदजनक असले तरी खरे आहे.

श्वसनाच्या सरावाची सोयही चांगली आहे. पडद्यावरचे वर्तुळ फुलते आणि मिटते, त्याबरोबर मनगटावर हलकी कंपने होतात, आणि मिनिटाला साधारण सहा श्वास या गतीने आपण श्वास घेऊ लागतो. या गतीला श्वास, रक्तदाब आणि हृदयगती यांची आंदोलने बहुतेकांच्या बाबतीत एकमेकांशी जुळतात, म्हणून तिचा परिणाम जाणवतो. मूळ जुळणीत हा सराव एका मिनिटाचा ठेवलेला आहे, तो अपुरा वाटतो. पाच मिनिटांचा केल्यावर फरक कळला. अर्थात एकदा लय अंगवळणी पडली की चार आकडे मोजत श्वास आत आणि सहा मोजत बाहेर, एवढेच पुरते, आणि त्यासाठी कोणतेही उपकरण लागत नाही.

ताण वाढल्याच्या सूचना मात्र पहिल्याच दिवशी बंद कराव्यात. वाद चालू असताना मनगट थरथरते आणि ‘तुमचा ताण वाढलेला दिसतो’ असा संदेश झळकतो, तेव्हा मूळ वादाइतकाच त्या घड्याळाचाही राग येतो. झोपेच्या नोंदी आदर्श करण्याच्या ध्यासाने झोपच बिघडलेल्या रुग्णांचे वर्णन अमेरिकेतील संशोधकांनी २०१७ साली केले होते. ताणाच्या आकड्याचेही तसे होऊ शकते, असे माझ्या अनुभवावरून वाटते. सकाळी उठल्याबरोबर कालचा आकडा पाहण्याची सवय लागली की ताजेतवाने वाटत असतानाही चढा आकडा पाहून मन खट्टू होते. आठवड्यातून एकदा तक्ता पाहणे पुरेसे आहे.

घ्यायचेच ठरले तर हंगामाच्या तोंडावर घेऊ नये, कारण तुमची नेहमीची पातळी ठरवायला घड्याळाला शांत दिवसांच्या बऱ्याच नोंदी लागतात, आणि धावपळीतच सुरुवात केली तर ती धावपळच सामान्य मानली जाते. पट्टा सैल असला किंवा हात गार पडलेले असले तर मोजणी बिघडते. सर्दीतापाचा आकडा ताणासारखाच दिसतो. आगाऊ वर्गणी भरून मिळणारे ‘सखोल विश्लेषण’ मला अनावश्यक वाटले. ते फुकट मिळणाऱ्या तक्त्यातील माहितीच अधिक गोड भाषेत सांगते.

हृदयाचे ठोके मुळातच अनियमित असणाऱ्यांसाठी आणि हृदयगती मंदावणारी औषधे घेणाऱ्यांसाठी हा आकडा दिशाभूल करणारा ठरू शकतो, तेव्हा त्यांनी तो विचारात घेऊ नये. ज्यांना आपल्या तब्येतीची सतत काळजी लागून राहते, त्यांनीही यापासून दूर राहणे चांगले. आणि ज्यांना केवळ आपण किती ताणाखाली आहोत हे जाणून घ्यायचे आहे, त्यांना मानसशास्त्रज्ञ शेल्डन कोहेन आणि सहकाऱ्यांची १९८३ सालची प्रश्नावली, जिची दहा प्रश्नांची आवृत्ती आज प्रचलित आहे, जास्त उपयोगी पडेल. गेल्या महिन्याभरात महत्त्वाच्या गोष्टी आपल्या हाताबाहेर गेल्या आहेत असे किती वेळा वाटले, हा प्रश्न ती सरळ विचारते, आणि त्याचे उत्तर देताना हात हलत असले तरी चालते.