नळी १९७६ची, बाकी सगळं नंतरचं

गेल्या मार्चमध्ये मी एक जुनी रायफल विकत घेतली आणि साफ फसलो. साडेसहाशे डॉलर गेले, त्याचं दुःख आहेच. पण माझ्या चौदा वर्षांच्या लेकीच्या हातात ती बंदूक असताना जे घडलं, ते आठवलं की अजून अंगावर काटा येतो. अमेरिकेत आपली बरीच मंडळी आता मुलाबाळांना घेऊन रेंजवर जातात. त्यांच्यापैकी एकाला जरी हे वेळेवर वाचायला मिळालं तरी पुरे.

आम्ही पेनसिल्व्हेनियात राहतो. साताऱ्याला शाळेत असताना एनसीसीत पॉइंट टूटूची रायफल चालवली होती आणि तेव्हापासूनची ती ओढ. इथे आल्यावर मात्र कित्येक वर्षं बंदुकीला हात लावला नाही. एच-वन-बीवर, म्हणजे नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर असलेल्या माणसाला बंदूक बाळगायला केंद्रीय कायद्याने मनाई आहे. अपवाद मोजकेच, जसं शिकारीचा वैध परवाना असणं. नव्याने आलेल्या आपल्या मुलांना हे ठाऊक नसतं आणि मित्राबरोबर सहज रेंजवर जाऊन ती अडचणीत येऊ शकतात, म्हणून मुद्दाम सांगतो. मला ग्रीन कार्ड मिळालं, लेक नेमबाजी शिकायला लागली, मग ठरवलं की तिच्यासाठी रूगर कंपनीची १०/२२ रायफल घ्यायची.

ही रायफल १९६४ साली बाजारात आली आणि आजही बनते. पॉइंट टूटूची छोटी, स्वस्त काडतुसं, धक्का जवळजवळ नाही, दहा गोळ्यांचं गोल फिरणारं मॅगझिन खालून बाहेर न डोकावता आत बसतं. शिकणाऱ्यासाठी फार गुणी बंदूक. तिची खरी गंमत जोडणीत आहे. नळी फक्त दोन स्क्रूंनी आणि एका खाचेच्या ठोकळ्याने रिसीव्हरला, म्हणजे बंदुकीच्या मधल्या धातूच्या चौकटीला धरलेली असते. चापाचा अख्खा संच दोन पिनांवर. स्वयंपाकघरातल्या टेबलावर अॅलन की घेऊन बसलं तर तासाभरात नळी, चाप, कुंदा सगळं बदलता येतं. कायद्याच्या लेखी बंदूक म्हणजे फक्त रिसीव्हर, नंबर त्याच्यावर असतो. बाकीचे भाग घरपोच मिळतात. हौशी लोक या रायफलीवर जीव टाकतात ते यासाठीच. आणि मला फसवणाऱ्याने नेमका याचाच फायदा घेतला.

१९७६ साली अमेरिकेच्या स्वातंत्र्याला दोनशे वर्षं झाली. त्या वर्षी बनवलेल्या बंदुकांच्या नळीवर रूगरने ‘अमेरिकन स्वातंत्र्याच्या दोनशेव्या वर्षी बनवलेली’ अशा अर्थाची एक ओळ ठोकली. संग्रह करणारे या ओळीसाठी जास्त पैसे मोजतात. माझ्या विक्रेत्याने ती ओळ दाखवली, त्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाला, वडिलांची आहे, पाचशे गोळ्यासुद्धा झाल्या नसतील, चाप तेवढा चांगल्या कारागिराकडून हलका करून घेतलाय. माणूस वयस्कर, बोलायला गोड. बंदूक रिकामी आहे याची खात्री करून त्याने मला चाप ओढायला दिला. कंपनीचा चाप साधारण सहा पौंडांचा, जरा जड आणि खरखरीत. हा बोट लावताच सुटला. मी तिथेच भाळलो.

मी म्हटलं, बंदुकांच्या दुकानदाराकडे जाऊ, रीतसर कागद करू. तो म्हणाला, आपण दोघं एकाच राज्यातले, लांब नळीच्या बंदुकीला इथे त्याची गरज नाही, उगाच तीस-चाळीस डॉलर कशाला घालवता? कायद्याचं त्याचं म्हणणं खरं होतं. पेनसिल्व्हेनियात पिस्तुलाचा व्यवहार दुकानदारामार्फत किंवा शेरीफकडे करावा लागतो, रायफलीचा दोन रहिवासी आपसांत करू शकतात. पण दुकानात गेलो असतो तर तिथल्या जाणत्याची नजर बंदुकीवर पडली असती. त्याला तेच नको होतं. मी रोख पैसे दिले. पावतीसुद्धा मागितली नाही.

पुढच्या शनिवारी रेंजवर गेलो. पंचवीस यार्डांवर कागद लावला. आधी मी मॅगझिनभर गोळ्या मारल्या, सगळं ठीक. मग लेक बसली. तिसऱ्या की चौथ्या गोळीला एकदाच चाप ओढला आणि दोन आवाज आले, एकाला लागून एक. पहिलं भोक काळ्या वर्तुळात. दुसरी गोळी कागदाच्या वर, लाकडी चौकटीत घुसलेली. लेकीने काही न बोलता बोट चापावरून काढलं, नळी समोरच ठेवून रायफल टेबलावर टेकवली आणि माझ्याकडे बघितलं. तिला शिकवणाऱ्यांचे मी मनापासून आभार मानतो. दचकून ती वळली असती तर?

रेंज ऑफिसरने गोळीबार थांबवला आणि बंदूक पिशवीत भरायला लावली.

सोमवारी एका जुन्या गनस्मिथकडे, म्हणजे बंदुका दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडे गेलो. त्याने कुंदा उतरवला, दोन पिना काढल्या, आतला घोडा (चाप ओढल्यावर काडतूस फोडायला आपटणारा भाग) पांढऱ्या फडक्यावर ठेवला आणि भिंग माझ्या हातात दिलं. घोडा ज्या खाचेवर अडकून राहतो तिची कड धारदार आणि चौकोनी हवी. ती गोल होऊन चकाकत होती आणि बाजूला कानशीचे तिरके ओरखडे स्पष्ट दिसत होते. कुणीतरी घरी बसून घासलं होतं. पुढचं काडतूस नळीत ढकलणारा बोल्ट जोरात पुढे आला की त्या हादऱ्याने घोडा निसटत होता, म्हणून दुसरी गोळी. तो म्हणाला, हे दुरुस्त होईपर्यंत ही बंदूक भरायचीसुद्धा नाही. जीवाचा धोका तर आहेच, शिवाय चाप एकदा ओढून एकाहून जास्त गोळ्या सुटत असतील, तर केंद्रीय कायदा अशा शस्त्राला मशीनगन मानतो. बिघाड कळल्यावरही चालवत राहिलात तर उत्तर देता येणार नाही.

मग त्याने नळीची जोडणी बघितली. नळीचे दोन्ही स्क्रू चावीने घासून गुळगुळीत झालेले. त्याने रिसीव्हरवरचा नंबर कंपनीच्या यादीत शोधला, तो निघाला १९९०च्या दशकातला. नळी खरंच १९७६ची होती, पण ती दुसऱ्या कुठल्या तरी रायफलीची. रंगावरूनही मला कळलं नसतं. रिसीव्हर अॅल्युमिनियमचा आणि नळी पोलादाची, दोघांचा काळा रंग कारखान्यातूनच वेगळा येतो. कुंदा मी अक्रोडाचा समजत होतो, तो बर्चवर गडद रंग दिलेला निघाला.

विक्रेत्याला फोन केला. आधी म्हणाला, काडतुसं हलकी वापरली असतील. घोड्याचा फोटो पाठवला, त्यानंतर फोन लागेना. पोलिसांनी नीट ऐकून घेतलं, पण हातात ना पावती ना लेखी हमी. पैसे बुडाले.

तुम्ही जुनी १०/२२ घेणार असाल तर एवढं कराच. नंबर आधी मागा आणि साल स्वतः तपासा, नळीवरच्या ओळीवर जाऊ नका. कुंदा उतरवून स्क्रू बघा. ‘चाप हलका केलाय’ असं कुणी म्हणालं, तर कुणी केला, पावती कुठे आहे, ते विचारा. उत्तर नसेल तर त्या चापाची किंमत शून्य धरा आणि कंपनीच्या नव्या संचाचे पैसे मनात वजा करा. पहिल्यांदा चालवताना मॅगझिनमध्ये दोनच गोळ्या भरा, मोठ्या माणसाने चालवा, पोरांच्या हातात मागाहून द्या. मी दुसरं सगळं विसरलो तरी हे विसरायला नको होतं. आणि सौदा एखाद्या गनस्मिथच्या टेबलावरच करा. जो माणूस त्याला तयार होत नाही, त्याच्याकडून घेऊ नका.

घासलेला संच मी गनस्मिथकडेच सोडला. त्याच्या जागी रूगरचाच बीएक्स ट्रिगर बसवला. तो पावणेतीन पौंडांच्या आसपास सुटतो आणि कानस न लावता हलका आहे. गनस्मिथने पन्नास गोळ्या स्वतः मारून बघितल्या, मगच बंदूक परत दिली. लेक दोन महिने तिला हात लावायला तयार नव्हती, मीही आग्रह केला नाही. मेमध्ये ती आपणहून म्हणाली, बाबा, जाऊया. नळी चांगली आहे, पन्नास यार्डांवर गोळ्या एकमेकींजवळ पडतात.

बंदुकीच्या पेटीत झाकणाच्या आतल्या बाजूला मी एक कागद चिकटवलाय. रिसीव्हरचा नंबर आणि साल, नळी १९७६ची आणि दुसऱ्या रायफलीची, कुंदा बर्चचा, चाप बदलल्याची तारीख, गनस्मिथची पावती. ही रायफल पुढे कुणाच्या हाती गेली तर त्या कागदासकट जाईल.