चुना सांगून सिमेंट भरलं आणि पायपेटीच्या रीड्स नेल्या

जालना जिल्ह्यातल्या आमच्या जुन्या दगडी चर्चबाबत जे घडलं ते लिहितोय. मंडळीचा खजिनदार मी आहे आणि चेकवरची एक सही माझी आहे. तुमच्या गावात जुनं चर्च, मठ, दर्गा किंवा वाडा दुरुस्तीला काढत असाल तर कृपा करून हे वाचा.

इमारत काळ्या पाषाणाची, चुन्यात बांधलेली. रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी जालन्याजवळ बेथेल ही ख्रिस्ती वसाहत वसवली, त्याच एकोणिसाव्या शतकातली. पश्चिमेच्या भिंतीच्या दरजा, म्हणजे दगडांमधले सांधे, पोकळ झाल्या होत्या आणि पावसाळ्यात वेदीमागे ओल यायची. पायाने भाता चालवून वाजवायच्या आमच्या पायपेटीचा भाताही फाटला होता. 61 पट्ट्यांची ती पेटी म्हणजे आमच्या तीन पिढ्यांची लग्नं आणि मातीच्या प्रार्थना. दुरुस्तीसाठी वर्गणी काढली तेव्हा ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांनी टोळीच्या उचलीतून पैसे दिले. हे पैसे कसे येतात ते मराठवाड्यात कुणाला सांगायला नको.

ठेकेदार ओळखीतून आला. वेरूळच्या लेण्यांतल्या मातीच्या गिलाव्यात भांग मिसळलेली होती हे संशोधन 2016 साली प्रसिद्ध झालं, ते त्याला तोंडपाठ. बिबी का मकबऱ्याच्या गिलाव्यावरही तो तासभर बोलला. तो सांगत होता ते खरं होतं, त्यामुळे पुढचं काही तपासावं असं आमच्या मनातच आलं नाही. 9,40,000 रुपयांचं कोटेशन ठरलं आणि 3,76,000 आगाऊ दिले. कोटेशनवर जीएसटी क्रमांक होता, 27 ने सुरू होणारा, म्हणजे महाराष्ट्राचाच. तो क्रमांक जीएसटीच्या पोर्टलवर कुणालाही फुकट तपासता येतो. मी तपासला तो सगळं झाल्यावर. नोंदणी कधीच रद्द झालेली होती.

चुन्याचं काम म्हटलं की चुना आधी कितीतरी दिवस भिजत घालावा लागतो, मग वाळूबरोबर घाणीत मळावा लागतो. आमच्या आवारात ना हौद खणला, ना घाणी आली. आल्या त्या काहीही न छापलेल्या पांढऱ्या गोण्या. जुन्या पद्धतीत चुन्यात घालतात ते गूळ आणि बेलफळं मात्र दारातच मांडून ठेवलेली, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसावीत अशी. नऊ दिवसांत अख्खी भिंत भरून झाली. मंडळीतले एक म्हातारे गवंडी मला बाजूला घेऊन म्हणाले, "मास्तर, हे लई लवकर कडक व्हायलंय. चुना असा एका रात्रीत दगड होत नसतो बगा." मी त्यांना म्हणालो, आता तंत्र बदललंय. त्यांचं ऐकायला हवं होतं. नव्या दरजेवर चाकूचं टोक ओढून पाहिलं असतं तरी कळलं असतं. चुन्यावर चरा पडतो, त्या भरावावर साधा ओरखडा उठत नव्हता. आत पांढरं सिमेंट आणि दगडाची भुकटी होती.

सिमेंट भिंतीला श्वास घेऊ देत नाही. भिंतीच्या पोटात मुरलेलं पाणी चुन्याच्या दरजांतून हळूहळू वाळून जायचं, ती वाट बंद झाली. पहिल्याच पावसाळ्यात ओल आतल्या बाजूला उतरली, हातभर उंचीपर्यंत लोणा, म्हणजे पांढरा क्षार, फुटला आणि जुना गिलावा पोपडे सुटून वेदीवर गळायला लागला.

पेटीचं दुःख याहून मोठं. रीड्स म्हणजे सूर काढणाऱ्या धातूच्या जिभल्या. हार्मोनियमच्या रीड्स स्क्रूने बसवलेल्या असतात. आमच्या पेटीत प्रत्येक पितळी रीड खाचेत सरकवलेली, आकड्याने ओढली की लगेच हातात येणारी. प्रत्येकीवर सुराचं अक्षर ठोकलेलं. दोन ओळी, एकूण 122. साफ करून सूर लावून आणतो म्हणत ठेकेदाराच्या माणसाने अर्ध्या तासात सगळ्या डब्यात भरल्या. मी समोर उभा होतो. मोजल्या नाहीत, फोटो काढला नाही, पावती घेतली नाही. महिन्याने फोन आला, कारागिराचे पैसे दिल्याशिवाय रीड्स सुटत नाहीत. ईस्टर तोंडावर होता. आणखी 3,00,000 पाठवले.

परत आल्या त्या हार्मोनियमच्या स्वस्त रीड्स, खाचेत बसेनात म्हणून मेणाने चिकटवलेल्या. हार्मोनियमचा भाता हवा दाबून सोडतो, आमच्या पेटीचा ओढून घेतो. हवेची दिशाच उलटी, त्यामुळे बहुतेक मुक्याच राहिल्या. त्या ईस्टरला आम्ही पेटीशिवाय गायलो.

पोलिसांत तक्रार दिली आहे, भारतीय न्याय संहितेची कलमं 318 आणि 316, फसवणूक आणि विश्वासघात. विश्वस्त मंडळाचा लेखी ठराव आणि बँकेतून गेलेले पैसे यांचा आधार झाला. रीड्सबाबत मात्र आमच्या हातात कागदाचा एक चिटोराही नाही. तेच गवंडीबाबा आता छिन्नीने एकेक दरज मोकळी करतायत, दिवसाला जेमतेम वावभर. आवारात चुन्याचा हौद खणलाय.

भंगारवाल्याकडे, जुन्या बाजारात किंवा पेटी दुरुस्त करणाऱ्याकडे अक्षरं ठोकलेल्या, मागच्या टोकाला आकडा अडकवायला खाच असलेल्या पितळी रीड्सचा डबा कुणाला दिसला, तर तो वितळवू देऊ नका. आधी आम्हाला कळवा.