बिकानेरचा लोखंडी कूलर : यंत्र उत्तम, गाव अवघड

आधी निकाल सांगून टाकते. बिकानेरात राहायला येणार असाल तर कंपनीचा प्लास्टिकचा कूलर घेऊ नका, इथल्या कारागिरानं पत्र्यात ठोकलेला लोखंडी कूलरच घ्या. पाचपैकी चार तारे. पाचवा कापलाय तो शहराच्या नावावर, कारण हे यंत्र पाणी, वीज आणि हवा यांवर चालतं आणि ऐन उन्हाळ्यात या तिन्हींची इथं खात्री नसते.

मी अकोल्याची. बँकेच्या बदलीनं नवऱ्याला आणि मुलीला घेऊन इथं आले, व्यास कॉलनीत पहिल्या मजल्यावर भाड्यानं राहते. वऱ्हाडातल्या माणसाला कूलर कुणी शिकवू नये. होळी झाली की माळ्यावरून कूलर उतरवायचा, ताट्या, म्हणजे बाजूंचे गवताचे पडदे, बदलायच्या, पाणी चढवणारा छोटा टिल्लू पंप फिरतो का बघायचं, हे आमचे संस्कार. बदलीची ऑर्डर आली तेव्हा आई एवढंच म्हणाली होती, "वाळ्याच्या ताट्या इथूनच घेऊन जाय, तिकडं भेटते का नाई कोण जाणे." उन्हाची भीती आम्हाला नव्हतीच. अकोल्याचं ऊन आणि बिकानेरचं ऊन यात फार मोठा फरक आहे असं मला अजूनही वाटत नाही. शेजारच्या फलोदीत २०१६च्या मे महिन्यात ५१ अंशांची नोंद झाली हे खरं, पण ४५च्या पुढे माणूस मोजणं सोडतो. त्रास दुसरीकडेच आहे.

लोखंडीच का, ते सांगते. आल्या आल्या आमचं वॉशिंग मशीन बंद पडलं. शोरूम चकचकीत, काचेचं दार, एसी, गोड बोलणारा मुलगा. सुटा भाग मात्र जयपूरहून येणार, आणि जयपूर इथून सव्वातीनशे किलोमीटर. मधल्या आकाराच्या गावाचा हा खास जाच आहे. लहान गावात वस्तू मिळतच नाही, त्यामुळे अपेक्षाही नसते. मोठ्या शहरात वस्तूही मिळते आणि दुरुस्तीही होते. इथं विकणारे सगळे आहेत, दुरुस्त करणारा कायम "मंडे को आएगा". डोळ्यांच्या डॉक्टरपासून लॅपटॉपच्या कीबोर्डपर्यंत हीच गत. कूलर मात्र या नियमाला अपवाद. मोटर, पंप, पंख्याचं पातं, ताटीची जाळी, सगळं कुठल्याही चौकात मिळतं, आणि बसवणारा माणूस सायकलवरून तासाभरात दारात हजर.

मी घेतला तो कोटगेटच्या, म्हणजे जुन्या गावाच्या वेशीच्या, पलीकडे. दुकान म्हणजे पुढे पत्र्याचे ढीग आणि मागे ठोकाठोक. दुकानदारानं बोटाच्या पेरानं पत्र्यावर टिचकी मारून दोन जाडींचा आवाज ऐकवला. पातळ पत्रा टणटणतो, जाड नुसता ठक्क करतो. "प्लास्टिक रो काईं भरोसो, मैडमजी," म्हणत त्यानं अठरा इंची पंखा आणि तांब्याच्या वाइंडिंगची मोटर दाखवली. प्लास्टिकबद्दल तो बरोबर होता. खिडकीबाहेर टांगलेला प्लास्टिकचा सांगाडा इथल्या उन्हात ठिसूळ होतो, शेजाऱ्यांच्या कूलरचा कोपरा हातात निघून आलेला मी पाहिलाय. शंभर लिटरची टाकी, तीन बाजूंना ताट्या, अँगलचा स्टँड, सगळं मिळून सात हजारांच्या आत-बाहेर.

घरी आणताना कोटगेटच्या रेल्वे फाटकावर अडकलो. हे फाटक आणि जवळचं सांखला फाटक म्हणजे या गावाच्या गळ्यातलं हाडूक. बाजाराच्या अगदी मधून रूळ जातात. गाडी आली की अर्धं गाव इकडे, अर्धं तिकडे, मध्ये रिक्षा, गाढवगाड्या, स्कूटी आणि हॉर्न. बायपास करायचा, उड्डाणपूल करायचा की अंडरपास, हा वाद कित्येक निवडणुका पाहून झालाय. आमच्या लोडिंग रिक्षेतला पत्रा तोवर इतका तापला की उतरवताना हमालानं गमछा गुंडाळून धरला.

आता काम कसं करतो? मे महिन्यात झकास. बाहेर ४५ अंश असताना खोली तिशीच्या आसपास राहते, आणि वीज पंख्यासकट दोनशे वॉटच्या आत. हवा जितकी कोरडी तितकं पाणी लवकर उडतं आणि तितका गारवा जास्त, त्यामुळे कूलरला इथल्याइतकं मानवणारं हवामान देशात क्वचितच सापडेल. दोन गोष्टी पाळा. समोरची खिडकी चार बोटं उघडी ठेवा, नाहीतर ओली हवा खोलीतच कोंडते. आणि टाकीत बर्फ टाकू नका. एक किलो बर्फ वितळताना जेवढी उष्णता शोषतो त्याच्या सातपट एक लिटर पाणी वाफ होताना शोषतं. बर्फाचे पैसे वाचवा आणि ताट्या धड ओल्या राहतील एवढं बघा.

पण ते पाणी! माझ्या कूलरला मे महिन्यात तासाला दहा-बारा लिटर सहज लागतं. रात्रभर आणि दुपारचे काही तास धरले तर दिवसाला दीडशे लिटर. सरकारी हिशेबात शहरातल्या माणसाला दिवसाला १३५ लिटर पाणी धरतात. म्हणजे आमच्या घरात कूलर हा चौथा माणूस, आणि सगळ्यात तहानलेला.

बिकानेरचं पाणी कुठून येतं हे समजलं की नळाकडे बघायची नजरच बदलते. पंजाबात सतलज आणि बियास जिथं मिळतात तिथल्या हरिके बंधाऱ्यापासून इंदिरा गांधी कालवा निघतो. १९५८ साली काम सुरू झालं, फीडर धरून लांबी ६४९ किलोमीटर. त्यातलं पाणी कंवरसेन लिफ्ट कालव्यानं पंपांनी उचलून बिकानेरकडे आणतात, शोभासर आणि बीछवालच्या तलावांत साठवतात आणि मग नळाला सोडतात. दर वर्षी रब्बी निघाल्यावर, खरिपाच्या आधी, हा कालवा दुरुस्तीसाठी बंद ठेवतात. या बंदीचं नाव नहरबंदी. शेतीच्या दृष्टीनं वेळ अगदी योग्य आहे, शिवारात तेव्हा पीक नसतं. पण मार्चअखेरपासून मेपर्यंतचा हाच काळ कूलर सुरू व्हायचा. तलावातलं पाणी पुरवायचं म्हणून नळ एक दिवसाआड येतो. पेपरात पहिल्या पानावर तलावाची पातळी छापून येते आणि बँकेत ग्राहक व्याजदरापेक्षा तिच्यावर जास्त बोलतात.

अकोल्यालाही नळाची वाट बघण्यात आयुष्य गेलंय, त्यामुळे एक दिवसाआडचं मला अप्रूप नाही. अडचण टँकरची. नहरबंदीत टँकर मागवला की येतं ते बोअरचं खारट पाणी, आणि कूलरची खरी वाट लागते ती या पाण्यानं. पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात. आठवड्याभरात ताट्यांवर पांढरा पापुद्रा धरतो, गवत काडीसारखं कडक होतं, हवा अडते. आईनं दिलेल्या वाळ्याच्या ताट्या पहिल्याच नहरबंदीत अशा खडखडीत झाल्या की सुगंध सोडा, त्यांवर पापड वाळवता आले असते. आता मी दर रविवारी टाकी पूर्ण रिकामी करते. पाणी फेकताना जीव खालीवर होतो, पण जुन्या पाण्यावर नवं ओतत राहिलं की खार वाढतच जातो. ते पाणी जिना धुवायला वापरा, झाडांना घालू नका.

आमच्या घरमालकीणबाई, माँसा, यांच्याकडे अंगणात जुना टांका आहे, पावसाचं पाणी साठवायचा. त्याला पालर पाणी म्हणतात. गच्ची पावसाळ्याआधी झाडून-पुसून लख्ख करतात आणि त्या गच्चीवर चपला घालून गेलं तर माँसा वरपर्यंत ऐकू येईल असं बोलतात. डाळ त्याच पाण्यात शिजते. टँकरच्या पाण्यात माझी तूरडाळ कुकरच्या कितीही शिट्ट्यांनी हटून बसते. मी एकदा सहज म्हटलं, टांक्यातलं चार बादल्या कूलरला मिळेल का? त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी विषय बदलून भुजियावर नेला.

दुसरा शत्रू आँधी, म्हणजे धुळीचं वादळ. पश्चिमेकडून आभाळ पिवळं व्हायला लागलं की आधी कूलर बंद, मग खिडकी, मग बाकीचं घर. दहा मिनिटं उशीर झाला तर ओल्या ताट्या सगळी रेती ओढून घेतात आणि टाकीत बोटभर गाळ बसतो. पंप चोकतो, आणि नेमकी त्याच वेळी वीज जाते, त्यामुळे तो चोकलाय हे वीज आल्यावर कळतं. ही रेती वाळूसारखी टोचत नाही, पिठासारखी बारीक असते. बंद कपाटातल्या साड्यांच्या घडीत सापडते, बँकेत नोटा मोजायच्या मशीनमध्ये सापडते, मुलीच्या कंपासपेटीत सापडते. पोछा हे इथं घरकाम नाही, व्रत आहे.

जुलैत पाऊस येतो. पाऊस कसला, वर्षाचा सगळा मिळून तीनशे मिलिमीटरच्या आत. पण हवेला दमटपणा आणायला तेवढा पुरतो, आणि कूलर तिथंच हात टेकतो. चादरी चिकट, मीठ ओलं, कपाटाची दारं फुगलेली. सप्टेंबरच्या मध्यावर मान्सून देशातून माघारी फिरायला लागतो तो याच पश्चिम राजस्थानातून, तोवर कळ काढायची. आम्ही शेवटी मुलीच्या खोलीत एक टनाचा एसी बसवला आणि त्या दिवसांत तिघंही तिथंच झोपतो. विक्रेते कूलर "बारा महिने चालेल" म्हणतात. हिवाळ्यात तर तो नुसता अडगळ असतो. जानेवारीत पहाटे पारा तीन-चार अंशांवर येतो आणि लोखंडाच्या त्या धुडामागून गार वारा खोलीत शिरतो, म्हणून मागच्या बाजूला जुनं ब्लँकेट ठोकावं लागतं.

बाकीचं थोडक्यात. उन्हाळ्यात दुपारी बारा ते पाच गाव सामसूम, सगळी कामं सकाळी दोन तासांत उरकायची, त्यामुळे आमच्या काउंटरवर दहा वाजताच जत्रा. पालेभाजी अकरानंतर बघण्यासारखी राहत नाही; केर-सांगरी, गट्टे, मंगोडी अशा वाळवलेल्या गोष्टींवर इथलं स्वयंपाकघर का उभं आहे ते एका मे महिन्यात उमगतं. भुजिया अर्थात अप्रतिम, आणि तो मटकीच्या पिठाचा असतो हे कळल्यावर आमच्या घरात त्याला उसळीइतकाच मान मिळाला. संध्याकाळी जुन्या गावात चौकाचौकांत मोठ्या लाकडी चौरंगांवर, इथल्या भाषेत पाट्यांवर, बैठका बसतात, मध्यरात्र उलटेपर्यंत राजकारण आणि क्रिकेट. ऐकायला मजा येते, पण तिथं बसलेले सगळे पुरुष. बायकांनी संध्याकाळी जायचं कुठं, याचं उत्तर या गावाकडे अजून फारसं नाही. आइस्क्रीम खा आणि घरी या.

घेणार असाल तर फेब्रुवारीतच घ्या, एप्रिलमध्ये भाव चढतो आणि कारागीर फोन उचलत नाही. वूडवूलच्या, म्हणजे लाकडाच्या तंतूंच्या, ताट्या एका मोसमात दोनदा बदलायच्या असं धरून चाला, मधाच्या पोळ्यासारख्या हनीकोंबवाल्या टिकतात पण खारं पाणी त्यांनाही सोडत नाही.

आणि एक गोष्ट, जिच्यासाठी खरं तर मी हे लिहायला बसले. माझ्या कूलरला दुकानातून आलेली वायर दोनच पिनांची होती. लोखंडी सांगाडा, आत पाणी आणि अर्थिंग नाही! विदर्भात दर उन्हाळ्यात कूलरच्या शॉकनं माणसं गेल्याच्या बातम्या येतात, त्यामुळे मी तेवढ्यावर दुकानदाराशी भांडले. त्यानं "यहाँ सब ऐसे ही चलाते हैं" म्हणून हात झटकले. मी स्वतः इलेक्ट्रिशियन आणून तीन पिनांची वायर आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, बसवून घेतला. त्या पोरानं आणखी एक गोष्ट सांगितली जी मला अकोल्यात कुणी सांगितली नव्हती. इथली जमीन इतकी कोरडी रेताड आहे की घराचं अर्थिंगसुद्धा नीट लागत नाही, खड्ड्यात ओल टिकवावी लागते. तेव्हा उन्हाळ्यात रोज बादलीभर पाणी अर्थिंगच्या खड्ड्यालाही घालते. नहरबंदीतही घालते, आणि त्या बादलीवर माँसासुद्धा काही बोलत नाहीत.